लांब गवतातला चेंडू

"मान वर कर, किती चुळबुळ करतोस," म्हणत लोवेल प्रेथरनं डॅरेल होकच्या गळ्यातली बो-टायची गाठ सोडली आणि पहिल्यापासून बांधायला घेतली.

"नोरीननं बांधून दिली होती," डॅरेल म्हणाला.

"मग तिला तुझा गळाच आवळायचा असणार. चौदा वर्षं संसार केलाय बिचारीनं, तिचंही बरोबर आहे."

दोघं व्यासपीठामागच्या बोळात उभे होते. मुदपाकखान्याचं दार सारखं उघडत होतं आणि वेटर कोळंबीची ताटं डोक्याच्या उंचीवर धरून धावत होते. पडद्यापलीकडे सभागृहात फ्लोरिडातला निम्मा गोल्फ जेवायला बसलेला. वर्षातला सर्वोत्तम नवा खेळाडू माइकपुढे उभा राहून आईपासून कुत्र्यापर्यंत सगळ्यांचे आभार मानत होता आणि आटोपायचं नाव घेत नव्हता. त्याचं झालं की खेळाडूंनी आपल्यातल्याच एकाला मतं देऊन निवडलेलं सचोटीचं पारितोषिक. ते लोवेलला होतं, आणि त्याच्याविषयी चार शब्द बोलायचं काम डॅरेलकडे आलं होतं. दुसऱ्या कुणाकडे जाणारच नव्हतं म्हणा.

एप्रिलमध्ये कॅरोलायनात शेवटच्या होलवर दोघं बरोबरीत आले होते. डॅरेलनं तो होल चार फटक्यांत संपवला. लोवेलचा दुसरा फटका हिरवळीच्या कडेला लांब गवतात जाऊन बसला होता. तो चेंडूमागे उभा राहिला, काठी गवताला टेकवली आणि एकदम मागे होऊन हात वर केला. चेंडू हलला म्हणाला. माझ्या काठीनंच हलला. त्या कोपऱ्यात ना कॅमेरा पोहोचत होता, ना जवळ माणूस होता. पंचानं दोनदा विचारलं, लोवेलनं दोनदा तेच सांगितलं. एका फटक्याचा दंड बसला. मग त्यानं काठीनं तो चेंडू असा काही उंच उडवला की होलपासून हातभर अंतरावर थांबला, आणि तो एका फटक्यानं हरला. डॅरेलच्या आयुष्यातली ती पहिली आणि आजवरची एकुलती एक जिंकलेली स्पर्धा.

गाठ बांधून झाली तरी लोवेल बाजूला झाला नाही.

"वर जाऊन फार बोलू नकोस," तो म्हणाला.

"पाठ करून आलोय. आरशापुढे. नोरीनला रडू आलं."

"तिला जाहिराती बघूनही येतं." लोवेल हसला, पण लगेच गंभीर झाला. "चेंडू हलला नव्हता, डॅरेल."

एक वेटर आला. दोघांनी भिंतीला पाठ लावून त्याला वाट दिली. तो गेल्यावरही डॅरेल भिंतीलाच टेकून राहिला.

"काय म्हणालास?"

"हलला नव्हता. तसूभरही नाही."

"थट्टा करायची ही वेळ आहे का?"

"थट्टा नाही करत." लोवेलनं आपले दोन्ही पंजे पुढे धरले आणि उलटसुलट करून बघितले. "दोन वर्षं झाली, जवळचा फटका आला की हे माझे राहत नाहीत. पाच फुटांवरून चेंडू होलात जाईल याचाही भरवसा नाही. त्या दिवशी गवतात उभा राहिलो आणि मला सगळं पुढचं दिसलं. हा कसाबसा वर टाकायचा, मग तो छोटा फटका. तो गेलाच आत, तर पुन्हा तुझ्याबरोबर तोच होल खेळायचा, पुन्हा तोच छोटा फटका, सगळ्या जगासमोर. आणि माझा हात वर गेला. आधी हात गेला, मग तोंडातून शब्द आले. मला वाटलं काहीतरी पुरावा द्यावा लागेल, पण कुणी शंकाच घेतली नाही. आपल्याकडे घेत नाहीत."

"पण नंतरचा फटका तू..."

"नंतरचा! हरल्यात जमा झाल्यावर काय, डोळे मिटूनही मारला असता."

डॅरेलला राग आला. इतका आला की या माणसानं बांधलेली गाठ सोडून, बो-टाय त्याच्या हातात देऊन निघून जावं असं वाटलं. त्याहून जास्त तो घाबरला. चौदा वर्षं तो या गावाहून त्या गावी बॅग घेऊन फिरला होता. शेजारी त्याला विचारायचे, गोल्फ ठीक आहे, पण तू करतोस काय? एप्रिलनंतर ते विचारायचे बंद झाले. सासरे तर आता जेवायच्या आधी त्याच्यासाठी खुर्ची ओढायचे. आणि ते सगळं या माणसाच्या घाबरलेल्या हातानं त्याला दिलं होतं.

"हे आज सांगतोस? आत्ता?"

"मला वाटलं होतं, मतं दुसऱ्या कुणाला तरी पडतील. सहा महिने वाट बघितली. मुलं येऊन सांगतात, सर, आम्हाला तुमच्यासारखं व्हायचंय. रात्री झोप लागत नाही रे." लोवेलनं आवाज आणखी खाली आणला. "मी वर जाऊन सांगून टाकणार आहे. पण सांगितलं की लोक तुझ्या चषकाकडे बघतील. म्हणून तुला विचारतोय. तू नको म्हणालास तर गुपचूप घेतो आणि घरी जातो. हो म्हण, मी मोकळा होतो."

डॅरेलला हो म्हणायचं होतं. खरंच म्हणायचं होतं. हा माणूस त्याच्या मुलीच्या बारशाला होता, डॅरेल पहिल्यांदा पात्रता फेरीत हरला तेव्हा त्याला स्वतःच्या गाडीतून घरी घेऊन गेला होता. पण मग त्याला सासऱ्यांनी ओढलेली खुर्ची आठवली. तेवढ्यात पलीकडे टाळ्या झाल्या, सूत्रसंचालकानं डॅरेलचं नाव घेतलं आणि कुणीतरी पडदा बाजूला केला.

वर दिव्यांचा लखलखाट होता. समोरच्या टेबलावर नोरीन बसली होती, रुमाल आधीच हातात. डॅरेलनं पाठ केलेलं भाषण सुरू केलं. पहिली दोन वाक्यं बरी गेली. लोवेलच्या जुन्या गाडीवरचा विनोद झाला, लोक हसले. मग कॅरोलायना आलं आणि तो थांबला.

"त्या दिवसाबद्दल मला सहा महिने सगळे विचारत आलेत," तो म्हणाला. "चेंडू हलताना तू पाहिलास का? मी सांगत आलो, नाही, मी पलीकडे टोपीत तोंड घालून उभा होतो." त्यानं माइकची दांडी धरली. "मी पाहिलं होतं. अगदी नीट. चेंडू हलला."

सभागृहभर काटेचमचे थांबले.

"पाहिलं आणि मी गप्प बसलो. म्हटलं, बघू हा बोलतो का. नसता बोलला तर मीही बोललो नसतो. जिंकायची फार घाई होती मला. पण तो बोलला. म्हणून ते पारितोषिक त्याचं आहे, आणि मी कसा आहे ते आता तुम्हाला कळलं."

नोरीननं रुमाल खाली ठेवला. ती त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर काय आहे हे डॅरेलला तिथून वाचता येत नव्हतं. मागच्या टेबलावरचा एक म्हातारा खेळाडू, ज्याला डॅरेल पोरवयापासून मानत आला होता, तो बशीकडे बघत बसला. प्रतिस्पर्ध्याची चूक पाहून गप्प बसणं या लोकांत क्षम्य नव्हतं.

टाळ्या सुरू झाल्या, आधी तुरळक, मग जोरात, कारण लोवेल पडद्याआडून पुढे आला होता. सगळे उभे राहिले. त्यानं काचेचं पारितोषिक घेतलं आणि माइकपुढे गेला. डॅरेल दोन पावलं मागे उभा होता. त्याला लोवेलची फक्त मान दिसत होती.

"मी इथं वेगळंच काही सांगायला आलो होतो," लोवेल म्हणाला. "पण डॅरेल म्हणतोय त्यानं पाहिलं. मग हलला असणार."

लोक हसले, सुटल्यासारखे हसले, आणि टाळ्या आणखी वाढल्या. कुणीतरी शिट्टीही मारली. फोटोवाल्यानं दोघांना जवळ उभं केलं, हात मिळवायला लावले, इकडे बघा म्हणाला. दोघांनी बघितलं.

पायऱ्या उतरताना लोवेलनं त्याचा दंड धरला.

"खोटं बोलायला मी एकटा पुरे होतो रे," तो म्हणाला, आणि आपल्या टेबलाकडे गेला.