अनसाबाईंच्या हातून राहिलेला सराटा

माझ्या एम.एस्सी.च्या प्रबंधाचा विषय आहे सराटा. हसा. सगळे आधी हसून घेतात आणि मगच पुढचं ऐकतात. चपलांची चाळण करणारं, सायकली पंक्चर करणारं हे तण. आमच्या न्हावरे गावात त्याचं नाव कुणी शिवीशिवाय घेत नाही. पण सकाळी माळावर जाऊन बघा की एकदा! मुरमाला पोट लावून पसरलेलं रोप, चिंचेसारखी बारीक पानं, आणि ऊन वर आलं की उघडणारी पिवळीधमक फुलं. दोन-तीन पावसांवर हे पठ्ठं उगवतं, फुलतं, काटे पिकवतं आणि वाळून जातं. सगळा संसार दोन महिन्यांत उरकतं. मला तर बघूनच नाचावंसं वाटायचं.

आमच्या कांद्याच्या वावराच्या वरच्या माळात मी सुतळीनं बारा चौकोन आखले होते. सरांची अट साधी होती, प्रत्येक चौकोनातलं एक तरी रोप पिकल्या काट्यांसकट आणायचं. बारा म्हणजे बारा. एक जरी कमी पडलं तर पुढच्या पावसापर्यंत थांबा, म्हणजे माझं वर्ष गेलं.

त्या सोमवारी कांदा खुरपायला अनसाबाईंची टोळी आली, अनसाबाई धरून बाराजणी. त्यांच्या सासऱ्यांनी मेंढरं विकून जमीन घेतली तेव्हापासून, म्हणजे चाळीस वर्षं, अनसाबाई खुरपतायत. त्यांच्या मागं तणाची काडी उरत नाही, असं सगळं गाव सांगतं. मी त्यांना वावर दाखवलं आणि एसटीनं शिरूरला सरांना भेटायला गेले.

चारला परत येऊन बघते तर माळावर बारा चौकोन झाडून काढल्यासारखे स्वच्छ! आणि बाराजणी बांधावर बसून माझ्याकडे कौतुकानं बघतायत.

"मावशी, हे काय केलंत?"

"कांदा दोनलाच उरकला," अनसाबाई म्हणाल्या. "वर बघितलं तर बारा वाफं! आमी बी बाराजणी. म्हनलं, पोरीनं मोजूनमापून आखल्यात, एकीला एक. हे फुकाट हां, तुझ्यासाठी."

मी मुरमातच बसकण मारली आणि भोकाड पसरलं. तेवीस वर्षांची घोडी, पण लाज कुठली वाटायला! कशासाठी रडतेय ते कळल्यावर बाया अशा हसत सुटल्या की एकीचा तंबाखूचा बार उडाला. "आगं, तणाला रडती व्हय!" मी चिडून नको नको ते बोलले. तरी त्या हसतच होत्या.

शेवटी टोळीतल्या गिताबाईंनी डोळे पुसले. "आगं पर टाकलंय कुठं? तितंच हाय की समदं."

खरंच होतं! या टोळीत प्रत्येकीनं आपलं तण आपल्या पातीच्या, म्हणजे वाट्याला आलेल्या पट्ट्याच्या, तोंडाशी वेगळं रचायचं असतं, कुणी किती काढलं ते अनसाबाई बघतात. चौकोनामागं एक ढीग, आणि काटेही पिकलेले. मी गिताबाईंना मिठीच मारली. मग मी पिशव्या आणल्या, चिठ्ठ्या लावल्या, आणि चपलांच्या तळव्यांत घुसलेले काटेसुद्धा पिनेनं टोकरून काढायला बसले. बाया पाय पुढं करून खिदळत होत्या.

"काय हाय तरी काय यात येवढं?" अनसाबाईंनी विचारलं.

"एका काट्यात तीन-चार बिया असतात, मावशी. पावसाला त्यातली एकच उगवते. बाकीच्या पुढच्या वर्षांसाठी दम धरून बसतात."

अनसाबाईंनी कपाळावर हात मारला. "म्हंजी मी एक उपटायची, आन् बाकीची खाली बसून मला हसायची? चाळीस वर्सं?" आणि त्या स्वतःच डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

हसू ओसरल्यावर मी ढीग मोजले. अकरा. बारावा अनसाबाईंचा. त्यांच्या चौकोनातलं तण कोवळं होतं, ते त्यांनी आपल्या शेळ्यांना टाकलं होतं आणि शेळ्यांनी फस्त केलं होतं.

अनसाबाई उठल्या आणि आपल्या चौकोनात ओणव्या झाल्या. एकेक खडा उचलून बघायला लागल्या. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच, आपल्या हातून काहीतरी राहिलेलं असावं, अशी त्यांना आस लागली होती. बाकीच्या बायाही वाकून बघत होत्या.

"राहिलं गं!" त्या ओरडल्या. "माझ्या हातनं राहिलं!" एका धोंड्याच्या बुडाशी चार पानांचं रोप होतं. बाराजणी अशा नाचल्या की ते तुडवलं जातंय की काय, म्हणून मला जीव मुठीत धरावा लागला.

काटे पिकायला महिना तरी हवा होता. अनसाबाई रोज कामावर जाता-येता तिथं थांबायच्या. रोपाला फूल आलं त्या दिवशी अख्ख्या टोळीला दाखवायला घेऊन आल्या. पाणी घालायचं नाही असं मी बजावलं होतं म्हणून पाणी घातलं नाही, पण भोवतीचं सगळं तण काढलं. त्याला मोकळं वाटावं म्हणून! शेळ्या दुसऱ्या बाजूला बांधल्या, आणि माळावरून बाईक घालणाऱ्या हृतिकला, म्हणजे स्वतःच्या नातवाला, चांगला खडसावला.

काटे पिकून करकरीत झाले तेव्हा मी पिशवी घेऊन गेले. अनसाबाई खुरपं घेऊन तिथंच बसल्या होत्या.

"मूळ तुटायला नको, मावशी. तुमच्याच हातानं काढा."

त्यांनी खुरपं मुरमात टेकवलं. थोडा वेळ तसंच धरलं. मग माझ्या हातात दिलं.

"तू काढ, सुषमे. माझ्यानं न्हाई व्हायचं," त्या म्हणाल्या, आणि मी खुरपं चालवलं तेव्हा कांद्याकडं तोंड करून उभ्या राहिल्या.