छकुलीचं खरं नाव

मित्रांनो, मी एक जुनी फाईल आहे. दोरीने बांधलेली, कोपरे दुमडलेली, उंदरांनी कुरतडलेली फाईल तुमच्या डोळ्यांपुढे आली असेल, तर ती आधी पुसून टाका. मी कागदाची नाही. मी एका भल्यामोठ्या संगणकाच्या पोटात राहते. आमच्या रुग्णालयात त्याला सगळे ‘थोरला’ म्हणतात. तळघरातली एक अख्खी खोली त्याने अडवली आहे आणि तिथे बारा महिने इतका गारठा, की माणसं आत येताना स्वेटर चढवतात. मला गारठ्याचं काही नाही. मला फक्त कोणी वाचलं की बरं वाटतं.

माझ्यात बाळं आहेत. घाबरू नका, बाळांच्या नोंदी आहेत. या रुग्णालयात दिवस भरायच्या आत जन्मलेल्या प्रत्येक बाळाची एकेक ओळ. जन्मताना वजन किती भरलं, दूध किती पाजलं, किती वेळाने पाजलं, ओकलं का, वजन वाढलं का घटलं, आणि शेवटच्या रकान्यात बाळ घरी गेलं की दगावलं. काही ओळी चांगल्या लांबलचक आहेत, काही मेल्या सुरू होतात न होतात तोच संपतात.

मला जन्म दिला आकडेबाईंनी. त्यांचं पद संख्याशास्त्रज्ञाचं, पण वॉर्डातल्या सिस्टरांची जीभ त्या शब्दावर अडखळायची, म्हणून त्या आकडेबाई झाल्या. तरुणपणी त्यांची स्वतःची मुलगी दिवस भरायच्या आत झाली, याच रुग्णालयात. ओंजळीत मावेल एवढी. तिचं नाव ठेवायचं राहूनच गेलं. नवराबायको तिला नुसतं छकुली म्हणायचे. ती घरी गेली नाही. सुट्टी संपवून आकडेबाई कामावर परत आल्या आणि त्यांनी मला बनवायला घेतलं. वॉर्डातल्या जुन्या नोंदी त्यांनी स्वतः बसून टंकल्या. त्यांत एक ओळ लेकीची होती. ती टंकताना त्यांचा हात थांबला नाही. त्यापुढची ओळ टंकायला मात्र त्या दुसऱ्या दिवशी आल्या.

आता माझ्या नावाची गंमत ऐका, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरूनच घडलं. थोरल्याकडे फाईलचं खरं नाव हे लांबलचक प्रकरण असतं. आधी शाखेचं नाव, मग टिंब, मग कामाचं नाव, पुन्हा टिंब, मग आणखी कसलं कसलं. ही नावं थोरल्याला तोंडपाठ. पण आकडेमोड करायची, सरासऱ्या काढायच्या, तक्ते मांडायचे, यासाठी थोरल्याच्या घरात एक वेगळी प्रणाली होती. तिला सगळे ‘दिवाणजी’ म्हणत. हिशेबाला पक्के, पण लांब नावाचा भारी कंटाळा! दिवाणजींना हवं आठ अक्षरांच्या आत बसणारं हाकेचं नाव. म्हणून थोरल्याला एकदा सांगून ठेवायचं, की बाबा रे, दिवाणजींनी अमुक हाक मारली की तू तमुक फाईल दे.

हे सांगून ठेवायचं काम तळघरात थोरल्याच्या टेपा सांभाळणाऱ्या टेपवाल्या काकांचं. त्यांनी विचारलं, “बाई, हिला हाक काय मारायची?”

“छकुली,” आकडेबाई म्हणाल्या.

काकांनी ते नाव इंग्रजीत लिहिलं आणि बोटांवर मोजलं. “बरोब्बर आठ अक्षरं! जणू मापाने शिवलंय.”

झालं. त्या दिवसापासून खऱ्या नावाने मला कोणी हाकच मारली नाही. आणि मला तरी काय त्याचं! माझे दिवस मजेत चालले होते. माझ्याच नोंदींवरून आकडेबाईंनी दुधाचा तक्ता केला. एवढ्या वजनाच्या बाळाला एवढे चमचे, इतक्या इतक्या वेळाने. त्याआधी काय व्हायचं, तर इवलंसं बाळ बघून कोणाचाही जीव कळवळायचा आणि माया म्हणून दोन चमचे जास्त पाजले जायचे. नेमके तेच अंगाशी यायचे. माझ्यातल्या आखूड ओळींनी ते दाखवून दिलं. तक्ता वॉर्डाच्या भिंतीवर लागला. बाहेरचे डॉक्टर तो बघायला येत, मान डोलावत, चहा पिऊन जात. मला वाटायचं, आपण म्हणजे कोण!

पण कौतुकाला ओहोटी लागतेच. हळूहळू प्रत्येक टेबलावर छोटे संगणक आले. ज्या बालशाखेत माझा जन्म झाला ती दुसऱ्या शाखेत विलीन झाली. टेपवाले काका निवृत्त होऊन लेकीकडे राहायला गेले. आकडेबाई तेवढ्या अधूनमधून हाक मारायच्या. बाकी कोणी फिरकेना.

त्याच काळात नव्या मुलींना दिवाणजी शिकवायचे म्हणून कोणीतरी एक सरावाची फाईल केली. त्यात सगळी खोटी बाळं. एकजात गुटगुटीत, मुकाट दूध पिणारी, एकही दगावलेलं नाही. तिचं नाव ठेवताना त्या पोरींना सगळ्यांच्या तोंडात बसलेलं नाव सुचलं, आणि त्यांनी तिचं खरं नावच छकुली ठेवून टाकलं. घ्या! माझं हाकेचं नाव ते हिचं खरं नाव. मला राग आला होता, पण फाईलच्या रागाला विचारतो कोण?

मग एके दिवशी ठरलं, की थोरल्याला निरोप द्यायचा. सगळं नव्या यंत्रावर न्यायचं आणि थोरला कायमचा बंद करायचा. हे काम बघायला एक तरुण साहेब आले. दिवसभर इकडचं तिकडे हलवायचे, म्हणून त्यांचं नाव पडलं हलवे साहेब. माणूस सरळ होता. त्यांनी सगळ्यांना विचारलं, “ज्या फायली हव्यात त्यांची नावं सांगा. बंद शाखांच्या फायली बेवारस धरून पुसून टाकणार आहोत.”

आकडेबाईंनी क्षणाचाही विचार न करता सांगितलं, “छकुली.” पोटच्या पोरीचं नाव विचारल्यावर कोण विचार करत बसतं?

हलवे साहेबांनी दिवाणजींना मध्ये न घेता थेट थोरल्याकडे छकुली या नावाची फाईल मागितली. थोरला हुकमाचा ताबेदार. त्याने त्या नावाची फाईल काढून दिली. कुठली, ते तुमच्या लक्षात आलंच असेल. ती गेली मिरवत नव्या यंत्रावर, आणि मी राहिले बेवारशांच्या ढिगात.

नेमकं त्याच सुमारास वॉर्डात एक फारच लहान बाळ जन्मलं. एवढ्या कमी वजनाला जुना तक्ता पुरेना. डॉक्टरांनी आकडेबाईंना सांगितलं, की सगळ्या नोंदी घेऊन अगदी लहान बाळांसाठी नवा तक्ता आजच करून द्या. बाई नव्या यंत्रापाशी बसल्या. तिथेही दिवाणजी होतेच, नव्या कपड्यांत. बाईंनी छकुली म्हणून हाक मारली आणि तक्ता झरझर बाहेर आला. तो घेऊन त्या वॉर्डात गेल्या.

मोठ्या सिस्टरांनी चष्मा लावून तक्ता वाचला आणि त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

“आकडेबाई, ही कुठल्या मुलखातली बाळं म्हणायची? एवढ्याशा जिवाला एवढं दूध? अहो, छातीत जाईल त्याच्या. आणि दगावलेल्यांचा रकाना रिकामा कसा? आपलं नशीब एवढं चांगलं कधी होतं?”

आकडेबाई तशाच माघारी फिरल्या. त्यांनी नव्या यंत्रावर लेकीची ओळ शोधली. नव्हती. पुन्हा शोधली. वजनाने शोधली, तारखेने शोधली. मुलगी एकदा गेली होती, आता ती कधी होती हेसुद्धा पुसलं गेलं, असं त्यांना वाटलं. तशातही त्यांना वॉर्डातलं ते बाळ आठवलं आणि त्या उठून हलवे साहेबांकडे गेल्या.

हलवे साहेब म्हणाले, “पण मॅडम, छकुली तर आणली मी. नाव अगदी तेच होतं.”

“नाव तेच आहे, पोरगी माझी नाही!” आकडेबाई ओरडल्याच. मग आवाज सावरून त्यांनी टेपवाल्या काकांना फोन लावला. छकुलीचं थोरल्याकडचं खरं नाव काय होतं?

“अहो बाई, खरं नाव?” काका पलीकडून म्हणाले. “माझ्या नातवाला आम्ही बंड्या म्हणतो. परवा शाळेतून फोन आला, तर त्याचंच खरं नाव मला आठवेना. तुमच्या फाईलचं कुठून आठवणार? एकदा जोडून दिलं, मग रोज आपोआपच चालायचं ना ते.”

फोन ठेवून आकडेबाई विचार करू लागल्या. काकांना आठवत नाही, हलवे साहेबांना माहीत नाही. मग कोणाला माहीत असेल? दिवाणजी एवढी वर्षं छकुली म्हणून हाक मारत आले आणि थोरला त्यांच्या हातात फाईल देत आला. म्हणजे हातात कोण आलं, ते दिवाणजींना ठाऊक असणारच. आजवर त्यांना सरासरी विचारली, बेरीज विचारली, पण हे कोणी विचारलंच नव्हतं.

त्यांनी नव्या यंत्रावरच्या दिवाणजींना विचारून बघितलं, की छकुली म्हटल्यावर जी फाईल येते तिचं पूर्ण नाव काय? उत्तर आलं: छकुली.

“अहो, हिचं खरं नावच छकुली आहे!” बाई खुर्चीवरून उठल्या. “माझीचं ते नुसतं हाकेचं होतं. साहेब, चला खाली. थोरला चालू आहे ना अजून?”

“चालू आहे, पण पुसायला सुरुवात झालीय.”

खरंच झाली होती, मित्रांनो. माझ्या शेजारणी एकेक करून जात होत्या. लसींच्या नोंदींची फाईल गेली, मुलांच्या उंचीची गेली. त्यांच्यासाठी कोणी धावत आलं नाही, आणि याचं मला आजही वाईट वाटतं. मला कळत होतं, की पुढचा नंबर आपला.

स्वेटर न घालताच आकडेबाई आत आल्या. थोरल्याच्या जुन्या पडद्यासमोर बसून त्यांनी जुन्या दिवाणजींना तोच एका ओळीचा प्रश्न टाकला. पहिल्यांदा अक्षर चुकलं, दिवाणजींनी रागावून चूक दाखवली. दुसऱ्यांदा मात्र पडद्यावर माझं नाव उमटलं: बालशाखा.अपुरेदिवस.दूधवजन.मूळनोंदी. इतक्या वर्षांनी आपलं पूर्ण नाव बघून मीच क्षणभर बिचकले. ही कोण बया, असं वाटलं!

“बालशाखा?” हलवे साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. “ती तर बंद शाखा. तिच्याच फायली आत्ता...” आणि वाक्य अर्धवट सोडून त्यांनी झडप घालून पुसापुशी थांबवली.

मी होते तिथेच होते. आकडेबाईंनी मला उघडलं आणि आधी लेकीची ओळ काढली. वजन, दूध, वेळ, आणि शेवटच्या रकान्यात दगावल्याची खूण. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, “आहे गं बाई, आहे.” मग लगेच नवा तक्ता करायला घेतला.

माझी नक्कल नव्या यंत्रावर गेली. हलवे साहेबांनी हळूच विचारलं, “मॅडम, इथे नाव कितीही मोठं चालतं. तरी हिचं नाव छकुलीच ठेवू ना?”

“नको,” आकडेबाई म्हणाल्या. “दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांच्या नोंदी, असं साधं सरळ लिहा. उद्या मी नसेन, तेव्हाही कोणाला तरी सापडायला हवी. छकुली मी मनात म्हणेन.”

मित्रांनो, आता थोरल्याबरोबर ही मूळ मीसुद्धा मिटेन. त्याचं दुःख नाही, माझी बाळं सुखरूप पलीकडे पोचली. तुम्हाला एवढंच सांगणं, की जे जपायचं आहे त्याला लाडाने हाक जरूर मारा, पण त्याचं खरं नाव दोनचार जणांना तरी सांगून ठेवा. तुमच्यामागे त्याला शोधणाऱ्याला तुमचे लाड ठाऊक नसतात. आणि जी फाईल बेवारस वाटते, ती पुसायच्या आधी एकदा उघडून वाचा.

त्या संध्याकाळी मोठ्या सिस्टरांनी नवा तक्ता वाचला. त्यात बाळाच्या वजनाला अगदी थोडं दूध सांगितलं होतं, पण थोड्या थोड्या वेळाने. तेवढंच त्यांनी त्याला पाजलं. सगळे श्वास रोखून बघत राहिले. बाळाने ते ओकलं नाही. तोंड वेडंवाकडं करून एक जांभई दिली आणि झोपून गेलं.