सातव्या घरातला मंगळ

मी नैनाची जन्मपत्रिका बोलतेय. माझ्यावर लगेच विश्वास ठेवू नका. मीसुद्धा ठेवत नाही.

नैना जन्मली न्यू जर्सीत, मी पुण्यात. तिचे बाबा श्रीरंगराव यांनी जन्मवेळ पत्राने कळवली. जोशीबुवांनी मला मांडलं आणि खाली लाल शाईने लिहिलं : सातव्या घरात मंगळ, पतीच्या जिवाला धोका. नैनाची आई पद्मिनी हादरली. तिने मला न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेच्या घरात, क्लॉझेटमधल्या पैठणीखाली दडपलं. पंचवीस वर्षं मी डांबराच्या गोळ्यांचा वास घेत पडून होते. कधी नजरानजर झालीच, तर ती चोराकडे बघावं तशी माझ्याकडे बघायची.

२००५ साली नैनाने शार्दूलशी लग्न ठरवलं. तो नागपूरहून शिकायला आलेला. पद्मिनी नाही म्हणाली, पण कारण सांगेना. नैनाने खोदून खोदून विचारलं, तेव्हा मी चहाच्या टेबलावर आले. शार्दूलही तिथेच होता.

नैना युनिव्हर्सिटीत ग्रीक शोकनाट्यं शिकवायची. मला बघून ती हसली नाही, तिथेच मला संशय आला, हिने माझ्यासारख्या खूप पाहिल्यात.

"आई, माझ्या नाटकांत सगळे भविष्यवाणीला घाबरून पळतात. अँड दॅट्स हाऊ दे रन राइट इंटू इट."

"याच्या जिवाचा प्रश्न आहे गं," पद्मिनी म्हणाली.

शार्दूल माझ्यावर लिहिलेली जन्मवेळ निरखत होता. "काकू, नैनाचा जन्म संध्याकाळी पाचचा?"

"छे, सकाळी साडेसहाचा. बाहेर बर्फ पडत होता."

श्रीरंगरावांचा कप तोंडाशीच थांबला. "मी इंडियन टाइम करून कळवला होता. बुवांना सोपं जावं म्हणून."

बुवांनी ती वेळ न्यू जर्सीचीच धरली होती. म्हणजे तो मंगळ नैनाचा नव्हताच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मग करेक्ट टाइम देऊन नवी करू," श्रीरंगराव म्हणाले. "चांगली निघाली की प्रश्न मिटला."

"आणि वाईट निघाली तर? नको, बाबा. मी लग्न करतेय बिकॉज आय वॉन्ट टू. ही खरी असती तरी केलं असतं."

"मीही," शार्दूल म्हणाला.

पद्मिनीने मला उचलून घडी घातली. मग म्हणाली, "मुहूर्त तरी बघू द्याल ना?"

लग्नाला आता दोन वर्षं झाली. मी पुन्हा पैठणीखाली आहे. शार्दूल नुसता शिंकला तरी पद्मिनीची नजर क्लॉझेटकडे वळते. पद्मिनीबाई, मी खोटी हे तुझ्याच तोंडून ठरलं. फाडून टाक ना मला. तुला कुणीही अडवलेलं नाही.