पाहुण्यांसमोर खोकायचं नाही

पनवेलजवळच्या त्या गावात धनेशच्या घरी सकाळपासून आवराआवर चालली होती. त्याच्या धाकट्या बहिणीला, दिपिकाला, बघायला उलव्याहून पाहुणे यायचे होते.

धनेशच्या मुलीला, रेवाला, लहानपणापासून दमा. न्हावा शेवाच्या कंटेनरांची धूळ थेट उंबऱ्यापर्यंत यायची. डॉक्टरांनी तोंडाने ओढायचा औषधाचा पंप रोज घ्यायला सांगितलं होतं. पण आजी, वेणू, पंपाचं नावही काढू देत नसे. “पोरीला पंपाची सवय लागली त उद्या कोन सून करील तिला?” रेवाची आई मनिषा सासूच्या नकळत पंप द्यायची, तोही फारच धाप लागली तर. रेवा शाळेत लंगडी खेळत नसे. मैत्रिणी हसू लागल्या की ओठ घट्ट मिटून घेई. हसलं की खोकला येई.

वेणूने उदबत्त्या लावल्या, पंप बाहेरच्या खोलीतल्या कपाटात टाकला आणि नातीला आतल्या खोलीत बसवलं. “पाहुनं जाईपर्यंत खोकायचं नाय. घरात दमा हाय कळलं त आत्याचं लगीन मोडंल.”

रेवाने मान हलवली.

पाहुणे आले. पोह्यांच्या फोडणीचा धूर आत शिरला, तशी रेवा उशीत तोंड खुपसून खोकू लागली. मनिषा आत डोकावली. पोरीचे खांदे वरखाली होत होते, गळ्याखाली खड्डा पडत होता. मनिषा तशीच बाहेर धावली. कपाटासमोरच नवऱ्या मुलाची आई ठमाबाई बसली होती.

“ये गो, तू पन बस जरा,” ठमाबाई म्हणाली.

वेणूने सुनेकडे रोखून पाहिलं. मनिषाने रिकाम्या बशा गोळा केल्या आणि ती आत परतली.

लग्न ठरलं. पाहुणे तोंड गोड करून निघाले. पंप हातात आला तेव्हा रेवाला तो ओढता येत नव्हता. ओठ निळे पडले होते. धनेशने तिला उचलून रिक्षात घातलं.

ती वाचली. दुसऱ्या दिवशी इस्पितळात डॉक्टर ऋचा म्हणाल्या, “रोज पंप घेतला असता, तर बहुतेक ही वेळ आली नसती. चारचौघींसारखी धावली, खेळली असती ही.” मग त्या रेवाकडे वळल्या. “एवढा त्रास होत होता, तर हाक का नाही मारलीस, बाळा?”

रेवाने तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क जरा बाजूला केला. “कोनाला सांगू नका,” ती पुटपुटली. “आत्याचं लगीन मोडंल. मंग माझं पन नाय व्हनार.”

मनिषाने मान खाली घातली. डॉक्टर गेल्यावर शेजारच्या खाटेवरच्या बाईने विचारलं, “काय झालंय हो पोरीला?”

मनिषाच्या ओठांवर ‘दमा’ हा शब्द आला होता. या वेळी ती तो बोललीही असती.

पण त्याआधीच रेवा म्हणाली, “ताप आलाय.”

आणि तिने मास्क पुन्हा तोंडावर घेतला. तिच्या छातीतली घरघर साऱ्या खोलीला ऐकू येत होती.