सोमारीच्या डोक्याची फिल्म

मी फिल्म बोलतेय. सिनेमाची नव्हे, सोमारीच्या डोक्याची. माझ्याकडून गोड बोलणं होणार नाही, आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म चंद्रपूरच्या एका तपासणी केंद्रातला. सोमारी भामरागडकडच्या रानातली. तेंदूच्या हंगामात पानांचे पुडे बांधण्यात तिचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. यंदा मात्र तिला दोरीची गाठ बसेना. बोटांतलं मांस झडलं, जीभ जड झाली. गळ्यातल्या माळा काढून तिनं नवऱ्याच्या, सुकलूच्या हाती दिल्या आणि एमआरआयच्या मशीनचा खडखडाट थांबेपर्यंत मुकाट पडून राहिली.

"ज्यांनी पाठवलं त्या डॉक्टरीणबाईंना फिल्म दाखवूनच घरी जा," असं केंद्रातल्या माणसानं बजावलं होतं. पण सोबत आलेला तिचा दीर, खुशाल नावाचा, पडला दीडशहाणा! त्यानं मला बाहेर रस्त्यातच उन्हाला धरलं. गावात टीबीचे एक्स-रे सगळ्यांनी पाहिलेले. आजार म्हणजे डाग, एवढंच यांचं शास्त्र. आणि मी तर स्वच्छ.

"पाय ना दादा, कुठी हाय डाग? वयनी सोंग करून राह्यली."

"तिले पेज गिळता येत नाई, सोंग काऊन करंल?" सुकलू पुटपुटला, पण भावापुढे त्याचं चाललं नाही. तिघं तशीच गावी परतली.

तिथे खुशालनं मला अंगणाअंगणांत मिरवलं. बाया सोमारीला कामचुकार म्हणू लागल्या, तिच्या हातून पाण्याचा गुंड निसटला की हसू लागल्या. आणि हे सगळं माझ्या नावावर! मी कुठे तसं म्हटलं होतं? चीड आली नुसती.

मग पर्लकोटा नदीला पूर आला, रस्ता तुटला. पाणी ओसरल्यावर सुकलूनं मला भावाच्या हातून हिसकावलं आणि बायकोला घेऊन चंद्रपूर गाठलं. खुशाल मागोमाग आलाच.

त्याच डॉक्टरीणबाईंनी, सईदाबाईंनी, सोमारीचे दंड पाहिले. चामडीखाली मांस आपोआप फडफडत होतं. नसांची तपासणी झाली, मग मला दिव्यावर लावलं.

"यात तं डागच नाई," खुशाल म्हणाला.

"म्हणूनच कामाची हाय, भाऊ. गाठ नाई, रक्त साकळलं नाई, म्हणजे ते आजार नाईत. ही पुसट पांढरी रेघ दिसते? नुसत्या रेघेवर मी बोलली नसती. पण हात, नसांची तपासणी अन् ही फिल्म, सगळं एकच सांगते. अंग हलवणाऱ्या नसा मरून राह्यल्या. पुरतं बरं करणारं औषध नाई. पण आधी आले असते, तं गिळण्याबोलण्याचं काई करता आलं असतं."

खुशाल खाली बसला. "चुकलं माह्यं, वयनी. बोल ना काई."

सोमारीनं तोंड उघडलं. नुसती घरघर आली.

आता मी त्यांच्या घरी खुंटीला लटकते. खुशाल वहिनीला चमच्यानं पेज भरवतो, माझ्याकडे बघत नाही. तुम्हीही मला उन्हाला धरून कुणाला खोटं पाडू नका.

मी तिच्या डोक्याची फिल्म, पण त्या दिवशी ती त्याला काय म्हणणार होती, ते माझ्यातही उमटलेलं नाही. शिवीच असावी, अशी माझी इच्छा आहे.