वरीलप्रमाणे बुडाले

फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये दर रविवारी चार वाजता मेलेली माणसं बोलायची, त्यामुळे जिना साडेतीनलाच तुडुंब भरायचा. मी मावशीचा हात धरून वर चढत होतो. ती दर दोन पायऱ्यांनी दम खायला थांबत होती आणि मागचा टेलर आम्हाला ढकलत होता.

"चला हो, माझे वडील खोळंबलेत!"

त्याचे वडील जाऊन पंधरा वर्षं झाली होती, पण त्या दिवशी मात्र त्यांना घाई असावी.

हॉलच्या खिडक्यांना जाड पडदे लावलेले होते. समोर आणखी एक काळा पडदा, त्याच्यापुढे टेबल, टेबलावर जुन्या ग्रामोफोनचा पितळी भोंगा. भोंग्याच्या निमुळत्या टोकाला कान लावून बसलेले ते भोंगेबाबा.

"आत्मा म्हणजे काय? लहर," बाबा म्हणाले. "लहर म्हणजे काय? कंप. आणि कंप म्हणजे काय?"

"भोंगा!" पुढच्या चार रांगा एका सुरात ओरडल्या.

कुणी हसतंय का म्हणून मी मागे वळून पाहिलं. सगळे मान डोलावत होते. एक निवृत्त इंजिनिअर तर वहीत लिहून घेत होता.

दिवे गेले. भोंग्यातून आवाज आला, खोल आणि ओला. त्याने टेलरच्या वडिलांचं पूर्ण नाव सांगितलं. वय, घर क्रमांक, मृत्यूची तारीख, सगळं बिनचूक. टेलर हुंदके देऊ लागला. मग आवाज गुळण्या केल्यासारखा घरघरला. "पाणी... नाकात पाणी... मी बुडतोय रे..."

मी कुजबुजलो, "वडील बुडून गेले का हो?"

"छे! रंग देताना शिडीवरून पडले."

"मग पाणी कुठून आलं?"

टेलरने नाक पुसलं, विचार केला. "रंगात पाणी असतंच की."



मग मावशीची पाळी आली. भोंग्याने काकांचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, नाव घेतलं. वय बावन्न, धंदा घड्याळ दुरुस्ती, घर क्रमांक बरोबर, तारीख बरोबर. आणि पुन्हा ती घरघर. "मी बुडत होतो... तू कुठे होतीस?"

मावशीचा हात माझ्या हातात बर्फासारखा गार पडला. काका दवाखान्यात, हृदय बंद पडून गेले होते. त्या वेळी मावशी थर्मास आणायला घरी आली होती. पंधरा वर्षांत ती त्यावर एक शब्द बोललेली नाही. तो थर्मास मात्र तिने कुणाला वापरू दिला नाही.

"गोळ्यांनी अडवून धरलंय तुला," आवाज म्हणाला. "गोळ्या सोड. पुढच्या रविवारी घर भोंग्याच्या नावे करून दे आणि मोकळी होऊन ये माझ्याकडे."

सोमवारी सकाळी मावशीच्या हृदयाच्या गोळ्यांचं पाकीट जसंच्या तसं होतं. घरात काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, पण काय ते लक्षात यायला वेळ लागला. सगळी भांडी पालथी होती. बादल्या पालथ्या, पेले पालथे, तो थर्माससुद्धा झाकण काढून पालथा. नळाच्या तोंडाला फडकं घट्ट बांधलेलं. भिंतीवर काकांची सात बंद घड्याळं सात वेगवेगळ्या वेळा दाखवत होती, आणि त्यांच्याखाली मावशी हात मांडीवर ठेवून ऐकत बसली होती.

"हे काय गं?"

"त्यांना पाणी दिसायला नको. घाबरतात."

"मावशी, गोळी घे. डॉक्टरांनी काय बजावलंय?"

"डॉक्टर कधी मेलेत का? त्यांना काय कळतंय?"

"काका बुडाले नाहीत, मावशी. पलंगावर गेले ते."

"छातीत पाणी झालं असेल," ती हळूच म्हणाली. "मी नव्हते ना तिथे. तुला काय माहीत आणि मला काय माहीत?"

मी सात वर्षांचा असताना आई गेली, तेव्हापासून या बाईने मला वाढवलं. माझ्या तोंडात घास घालणारी बाई आता स्वतःच्या तोंडात एक गोळी घालायला तयार नव्हती, आणि मी गोळीचं पाकीट हातात घेऊन ठोंब्यासारखा उभा होतो. खोलीत कुठेतरी थेंब पडल्यासारखा आवाज झाला. नळाला फडकं होतं. मी अक्षरशः पळत ऑफिसला गेलो.

माझं ऑफिस म्हणजे नगर कार्यालयाची रेकॉर्ड रूम. कोण जन्मलं, कोण मेलं, कुठलं घर कुणाच्या नावावर, सगळं आमच्या कपाटांत आहे. कुणीही अर्ज करावा आणि बघावं. त्यात चोरटं काही नाही, उलट चांगलीच गोष्ट आहे ती. मी खिडकीवर बसतो, अर्ज घेतो, पुस्तक काढून देतो आणि बघणाऱ्याची सही पाहणी वहीत घेतो. पेन्सिल परत घ्यायला विसरत नाही.

त्या दिवशी मी डोक्यात हिशेब मांडला. आतापर्यंत भोंग्यात सहा मेलेली माणसं बोलली होती. त्यांतली तीन नीट मेली होती, म्हणजे ज्याला जे झालं होतं ते. उरलेली तीन बुडाली होती. आमच्या गावाला नदी नाही, तळं नाही, होती ती एकुलती एक विहीरही कधीच बुजवली. मग तिघं बुडाले कशात? आणि तिघंही नेमके एकाच वर्षी?

मी त्या वर्षाचं मृत्यूचं पुस्तक काढलं. पहिल्याच पानावर, पहिल्या ओळीत एक गवंडी. कारण : विहिरीत बुडून. त्याच्याखाली टेलरचे वडील. कारण : वरीलप्रमाणे. त्याच्याखाली वरीलप्रमाणे. काका, वरीलप्रमाणे. पानं उलटत गेलो. त्रेसष्ट माणसं एकामागोमाग वरीलप्रमाणे बुडाली होती.

"ते माझं अक्षर," मागून आवाज आला आणि मी जवळजवळ किंचाळलोच.

मागे मयतकाका उभे होते. निवृत्त कारकून. घरचा पंखा खडखड करतो म्हणून रोज पेपर वाचायला ऑफिसात येतात.

"छतावरची टाकी फुटली होती," ते म्हणाले. "पुस्तक भिजलं, पहिली ओळ सोडून कारणाचा रकाना पार पुसला गेला. साहेब म्हणाले, नक्कल करा, पण एकही रकाना रिकामा दिसता कामा नये. मग मी काय करणार?"

"तुम्ही त्रेसष्ट माणसं बुडवलीत, काका!"

"चौसष्ट," मयतकाकांनी शांतपणे दुरुस्ती केली आणि शेवटची ओळ दाखवली. 'नक्कल करणार' म्हणून खाली करायची सही त्यांनी चुकून मृताच्या रकान्यात केली होती. पुढे वय, पत्ता आणि कारण दुसऱ्या एका कर्तव्यदक्ष कारकुनाने भरलं. तेव्हापासून ते कागदोपत्री मृत आहेत. ऑफिसात त्यांना मयतकाका म्हणतात ते म्हणूनच. दुरुस्तीच्या अर्जावर अर्जदार मयत असल्याचा शेरा पडतो.

मी पाहणी वही उघडली. बाबांकडे मेलेल्याचं नाव सोमवारी द्यावं लागे, तेव्हा दारातच नाव देणाऱ्याच्या तब्येतीची, औषधांची चौकशी होई. आत्म्याला यायला तेवढा वेळ लागतो म्हणत. आणि दर मंगळवारी, त्याच नावासमोर, पाहणी वहीत एकच सही. करड्या स्वेटरमधले एक सज्जन. गावातल्या घराण्यांचा इतिहास लिहितोय म्हणायचे. मध्ये एकदा रंगरंगोटीसाठी आमचं ऑफिस आठवडाभर बंद होतं. त्या रविवारी बाबांनी जाहीर केलं होतं, 'आत्मे मौनात आहेत.'

काकांच्या ओळीसमोर सही होती. आमच्या घराच्या उताऱ्यासमोरही होती. पुस्तकं काढून देणाऱ्याच्या रकान्यात माझी.

मीच दिला होता त्याच्या हातात माझा काका. वर विचारलंही असेन, पेन्सिल हवी का म्हणून.

त्याच संध्याकाळी मी बाबांच्या दारात मयतकाकांचं पूर्ण नाव आणि वर्ष लिहून दिलं. मंगळवारी अकराला खिडकीपाशी करडा स्वेटर हजर.

"नमस्कार साहेब. जरा एका घराण्याचं बघायचं होतं."

"अवश्य," मी म्हणालो. "पेन्सिल?"

मी मावशीला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि मान हलवली. "तू पुस्तक वाचलंस. मी त्यांचा आवाज ऐकला." शुक्रवारपर्यंत तिच्या पायांना सूज आली. शनिवारी डॉक्टर घरी आले, तर तिने तोंडच फिरवलं. रविवारी जिना चढायला आम्हाला पंचवीस मिनिटं लागली. तिच्या पिशवीत घराचे कागद होते.

दिवे गेले. कंप म्हणजे भोंगा झाला. आवाज आला. नाव, वय, पत्ता, तारीख.

"पाणी..." भोंगा घरघरला. "अंधार आहे रे... खूप खोल आहे... मी बुडतोय..."

तिसऱ्या रांगेत शेंगा फोडल्याचा आवाज झाला. मग खुर्ची सरकली.

"मी इथे आहे," मयतकाका म्हणाले. "आणि मला पोहता येतं."

मी भिंतीवरचं बटण दाबलं. त्या उजेडात सगळेच जरा मेल्यासारखे दिसत होते. बाबा सावरले. "हा आत्म्याने धारण केलेला..."

"देह माझाच आहे," मयतकाका म्हणाले. "गुडघा दुखतो त्याचा."

मी काळा पडदा ओढला. मागे करडा स्वेटर बसलेला. एका हातात पेलाभर पाणी, दुसऱ्या हातात भोंग्यापर्यंत गेलेली रबरी नळी, मांडीवर माझ्या पेन्सिलीने लिहिलेली वही. मला पाहून तो सवयीने म्हणाला, "नमस्कार साहेब."

मी मृत्यूच्या पुस्तकातल्या त्या पहिल्या पानाची नक्कल वाचून दाखवली. तिच्यासाठी मीच अर्ज केला होता, मीच स्वीकारला होता आणि मीच मला पोच दिली होती. वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे. सातव्या 'वरीलप्रमाणे'ला टेलर उठला आणि बाबांना म्हणाला, "माझा बाप शिडीवरून पडला होता." मग तो खाली बसला आणि या खेपेला खरा रडला. इंजिनिअरने वहीतलं पान फाडून खिशात घातलं. गडबडीत बाबा आणि स्वेटर जिन्याकडे निघाले होते, पण जिना नेहमीप्रमाणे भरलेला होता. पोलीस येईपर्यंत त्यांना पायऱ्यांवरच थांबावं लागलं.

मावशी खुर्चीतून हलली नव्हती.

"पण त्याने विचारलं ना रे," ती म्हणाली. "तू कुठे होतीस म्हणून. हे पुस्तकात होतं?"

"नाही. पण कुणालाही विचारून बघ, मावशी. आपलं माणूस गेलं तेव्हा आपण कुठे होतो, याचं उत्तर कुणाचंच मनासारखं नसतं. त्यांनी ते सगळ्यांनाच विचारलं असतं."

तिने माझ्या हातातल्या कागदावर बोट ठेवलं. "त्यांनी मला हाक मारली होती का, ते लिहिलंय?"

"तसा रकाना नाही, मावशी."

तसा रकाना नाही, एवढंच खरं आहे. कागद सांगतो तितकं कुणालाही कळू शकतं, त्यासाठी दिव्य शक्ती नको, अर्ज पुरतो. आणि जे कागदावर नाही ते भोंग्यालाही माहीत नसतं. म्हणून कुणी तुमच्या मेलेल्या माणसाचं नाव, वय, पत्ता घडाघडा सांगितला तर हात जोडू नका. जवळच्या कार्यालयात जा, पाहणी वही मागा आणि तुमच्याआधी कुणी सही केलीय ते बघा. रिकामा रकाना दिसला तर तो रिकामाच राहू द्या. त्यात काहीही भरून देणारा माणूस एक तर कारकून असतो, नाही तर बाबा.

घरी आल्यावर मावशी घड्याळांखाली बसली. थोड्या वेळाने ती उठली, नळाचं फडकं सोडलं, थर्मास सुलटा केला. मग पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढून माझ्याकडे हात पुढे केला.

"असा बघत काय बसलास? पाणी दे."