साखळीला बांधलेली कात्री

मी कात्री बोलतेय. तुम्हीच जरा पुढे या. माझ्या मुठीतून साखळी ओवून ती टेबलाच्या पायाला अडकवली आहे; मला दारापर्यंतही येता येत नाही.

भट्टीत जन्मले, धार चढली आणि या शिंप्याच्या हाती आले. त्यांना सगळे मास्तर म्हणतात. कापड बेतावं तर त्यांनीच. खडूची एक रेघ ओढतात आणि मी पाण्यातल्या माशासारखी सुळकन निघते. देवानं दिलेला हात आहे तो. त्या हातात असले की जन्म सार्थकी लागल्यासारखा वाटतो.

पण असते किती? घटकाभर. एक शर्ट बेतला की मला टाकून मास्तर मशीनवर बसतात. मग दिवसभर मी मशीनची खडखड ऐकत पडून, आणि शेजारी कापडाचं ठाण तसंच गुंडाळलेलं.

साखळी का, म्हणाल तर एकदा त्यांच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, मला धरलं आणि दोन्ही बाह्या डाव्याच बेतल्या. तेव्हापासून मी मास्तरांच्या डोळ्यांसमोर कैदेत आणि त्या बटणं लावायला.

वहिनींना शिवता मात्र येतं. "अहो, मी बसू का मशीनवर?" असं त्या अधूनमधून विचारत.

"माझ्याइतकी सरळ येते का तुझी शिवण?"

"नाही येत."

"मग?"

झालं. त्या पुन्हा सुईत दोरा ओवत.

मला कुणी विचारत नाही, नाहीतर सांगितलं असतं. मास्तरांचे तीन शर्ट शिवून होतात तोवर वहिनींचे दोन होतात. बेतण्यात मात्र मास्तरांचे दहा तर वहिनींचा एक, तोही असा! मास्तर दोन्हींत सरस, म्हणून दोन्ही त्यांनीच करायचं, हा कुठला न्याय?

मागे दवाखान्याच्या मोठ्या बाई आल्या. नर्सबाईंसाठी कोट हवे होते. "मास्तर, सोमवारी मिळाले नाहीत तर यापुढे साधा रुमालही तुमच्याकडे टाकणार नाही," म्हणाल्या. दवाखान्याचं काम गेलं तर दुकानात उरतंच काय? मास्तर ईर्ष्येनं मशीनवर बसले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांची कंबर धरली. उभं राहता येई, बसता येईना.

वहिनींनी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि मशीनवर बसल्या. मास्तर तोंड आंबट करून उभे. नुसतं उभं राहून करणार काय? मला उचललं. काय सांगू, दिवसभर धावले मी. ठाणामागून ठाण. सोमवारी बाईंनी एक शिवण ओढून पाहिली, "टिकेल," म्हणाल्या आणि पुढचं कापडही ठेवून गेल्या.

आज मास्तरांची कंबर मोकळी झाली. आल्या आल्या म्हणाले, "ऊठ, मी बसतो."

वहिनींचे पाय पायडलवरून हलले नाहीत. "तुमची शिवण माझ्याहून चांगली, कबूल. पण तुम्ही इथं बसलात की तिथं बेतणार कोण? मी?"

"तू? नको गं बाई."

"म्हणूनच बसलेय."

मास्तर अजून उभेच आहेत. हात माझ्यावर, डोळे मशीनवर.

मास्तर, सगळं येतं म्हणून तुम्हीही माझ्यासारखेच अडकलात हो. देव कुणालाच रिकाम्या हातानं पाठवत नाही. वहिनींच्या हातांनाही त्यांचं काम करू द्या. ते ठाण उलगडा. मला उचला.